सहावा नट

प्रिय बारके,

पाकिटावरचा पत्ता आईच्या अक्षरात आहे, म्हणजे तू हे पत्र आईचं समजून उघडलं असशील. आतलं अक्षर बघून घडी घालून ठेवू नकोस. सहा वर्षं तू आईला लिहितेस आणि शेवटी एकच ओळ माझ्यासाठी असते, ‘बाबांना सांग, मी बरी आहे.’ आई ती मोठ्यानं वाचते, मी मान हलवतो आणि गॅरेजात निघून जातो. माझं हे चौथं पत्र. आधीची तीन मी फाडली, कारण तिन्हींत पहिलं पान भरेपर्यंत मी गॅरेजच्या गळक्या पत्र्याबद्दलच लिहीत बसलो होतो. मला लिहिण्याची सवय नाही, हे तुला माहीत आहे. जन्मभर ‘ऑइल बदललं, पुढचे ब्रेक साफ केले’ याच्या पलीकडे माझं लिखाण गेलं नाही. तेव्हा इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घे, पण शेवटपर्यंत वाच. दुपारचे दोन वाजलेत, शटर अर्धं ओढलंय, आणि तुझ्या कामाच्या टेबलावरचे डबे सरकवून मी कागदापुरती जागा केली आहे.

तुझा ढोरडॉक्टर आला होता. आज सोळा दिवस झाले. गुरांच्या डॉक्टरला तू पहिल्या दिवसापासून ढोरडॉक्टर म्हणायचीस आणि तो नाराज होण्याऐवजी ते नाव मिरवायचा. तुमचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती की निदान लोकांसमोर तरी त्याला नावानं हाक मार, तर तो म्हणाला, ‘राहू दे हो काकू, मी वळलो पाहिजे एवढंच.’ तो अजून तसाच बोलतो. केस बरेच पिकलेत. दोन काठ्यांवर चालतो, डावा पाय नुसता ओढत नेतो, पण स्वतः गाडी चालवत आला होता. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालतील अशी सोय त्यानं करून घेतली आहे. गाडी जुनीच घेतलेली, पहिल्या गाडीच्याच मॉडेलची. आणि बारके, ती उंच केलेली होती. मी ती दारात बघितली आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. तो हसून म्हणाला, ‘काय करू काका, डोंगरातल्या गाई खाली येत नाहीत, मलाच वर जावं लागतं.’

गाडी कुणीतरी निम्मी करून सोडली होती. स्प्रिंगा लांब टाकलेल्या, पण पुढची चाकं चासीला धरून ठेवणाऱ्या आर्मचे ब्रॅकेट टाकलेच नव्हते. आर्म तिरके ताणलेले, स्टेअरिंग हातात धरवत नाही, खडकावर चाक आदळलं की सगळी गाडी दात खाते. हे सगळं तूच त्याला पहिल्यांदा समजावलं होतंस, आठवतं? इथंच उभी होतीस. दोन्ही हात पुढं करून म्हणालीस, ‘हे माझे खांदे म्हणजे चासी, मुठी म्हणजे चाकं. खांदे उंच केले आणि हात तेवढेच राहिले, तर हात तिरके होणार, ताकद जाणार. म्हणून खांद्याचा सांधाच खाली आणायचा, त्यासाठी हे ब्रॅकेट.’ तो तुझ्या हातांकडं बघत होता आणि ब्रॅकेटचं त्याला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. तेवढं मलाही दिसत होतं.

तर तो स्टुलावर बसला, काठ्या भिंतीला टेकवल्या आणि म्हणाला, ‘काका, ब्रॅकेट तुमच्याच गॅरेजात बसवायचे आहेत. आणि तिनं बसवायचे आहेत. तिला बोलवा. गाडी महिनाभर उभी राहिली तरी चालेल.’ तो पुढं म्हणाला, ‘माझा राग कधीच नव्हता. तिनं भेटूच दिलं नाही, नाहीतर सांगितलं असतं. एक नट राहिला तिच्याकडून, राहतो माणसाकडून. पण तिनं स्वतःला गाडून घेतलंय. हेच काम तिच्या हातून नीट झालं ना, तर तिच्या मनातलं जाईल. मी स्वतः त्या गाडीत बसेन, तिच्यासमोर.’ इतकं मोठं मन घेऊन तो आला होता आणि मला पत्र्याखाली उभं राहवेना. मी म्हणालो, विचारून बघतो.

मी तुला विचारलं नाही. चार दिवसांनी त्याला फोन करून सांगितलं की विचारलं, पण ती नको म्हणाली. हे खोटं होतं. तुझ्या नावावर मी खपवलेलं हे पहिलं खोटं नाही, पण यानं सुरुवात करतो, कारण हे लहान आहे.

फोनवर तो म्हणाला, ‘बरं. मग तुम्हीच करा, काका.’

त्याच आठवड्यात आई तुझ्याकडून परत आली. तू तिला चांगलं खाऊपिऊ घातलंस, बाजारात हिंडवलंस, तू कामाला जातेस त्या चादरी धुण्याच्या कारखान्यात नेऊन बायकांशी ओळख करून दिलीस, हे सगळं तिनं हौसेनं सांगितलं. मग पिशवी रिकामी करता करता मध्येच थांबली. म्हणाली, पोरगी खोलीला कुलूप लावते आणि ओढून बघते. चार पावलं जाते, परत येते, परत ओढते. मी मोजलं, अकरा वेळा. गॅसचं बटण तसंच, नळ तसाच. बसमध्ये बसत नाही, कारखान्यापर्यंत पाऊण तास पायी जाते. मी विचारलं तर म्हणाली, ‘आई, मी नीट केलंय असं मला वाटतं तेव्हाच मी चुकलेली असते.’ आई हे सांगून स्वयंपाकघरात गेली आणि मी पिशवीतून काढलेले तुझे जुने कपडे तसेच मांडीवर घेऊन बसलो.

तू अशी नव्हतीस. नऊ वर्षांची होतीस तेव्हा गाडीखाली सरपटत जायचीस आणि पडलेला नट माझ्या आधी तुझ्या हाताला लागायचा, म्हणून तर बारकी नाव पडलं. सोळाव्या वर्षी तू मला सांगितलंस की तुमचा जॅक खोटा आहे, घोड्यांचा टेकू लावल्याशिवाय मी खाली जाणार नाही, आणि गिऱ्हाइकासमोर माझी शोभा केलीस. फिटरचा दाखला घेऊन आलीस आणि आल्या आल्या गॅरेजाला शिस्त लावलीस. ठरल्या ताकदीला ‘टक्’ वाजणारा टॉर्क पाना आणलास, तो लाल पेटीत कुलूप लावून ठेवायचीस, किल्ली गळ्यात. मी म्हणायचो, तीस वर्षांच्या हाताला कळतं किती आवळायचं ते. तू म्हणायचीस, ‘हाताला वाटतं, बाबा. कळतं पान्याला.’ आणि नट आवळून झाला की नटावरून ब्रॅकेटवर एक पिवळी रेघ मारायचीस, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसावी. लोक तुझं काम विचारत यायचे. ‘मुलगी आहे का? मग संध्याकाळी येतो.’ मी वरून हसायचो. आतून काय व्हायचं ते आज लिहितो. मला जळायला व्हायचं. पोटच्या पोरीवर माणूस जळतो हे कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं.

तुझ्या ढोरडॉक्टरच्या पहिल्या गाडीचं काम तू एकटीनं केलंस. जुने बोल्ट गंजून बसले होते, तेही तू माझी मदत न घेता काढलेस. दोन ब्रॅकेट, प्रत्येकाचे दोन बोल्ट चासीला आणि एक जाडा बोल्ट आर्मच्या टोकाच्या रबरी बुशातून. सहा नट. ते हातानंच बसवून तू गाडी खाली घेतलीस, कारण चाकं जमिनीवर टेकल्याशिवाय आर्मचा नट आवळायचा नसतो, नाहीतर बुशाचं रबर पिळलेलंच राहतं. मग गाडीखाली गेलीस, आणि सहा वेळा पान्याचा ‘टक्’ आवाज मी स्वतः ऐकला. बारके, हे वाक्य परत वाच. सहा वेळा. तू सहाही नट आवळलेस आणि सहाही नटांवर पिवळी रेघ मारलीस. तुला जे सहा वर्षं वाटतंय की आपण मारली होती बहुतेक, पण खात्री नाही, ती खात्री मी देतो. मारली होतीस. मी ती डोळ्यांनी पाहिली, कारण ती तोडणारा मीच आहे.

आता सांगायला सुरुवात केलीच आहे तर सगळं सांगतो. त्या संध्याकाळी तो काम बघायला आला, वाकून खाली डोकावला आणि चारचौघांत म्हणाला, ‘काका, राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा हिचं काम साफ आहे.’ सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू दाढ काढायला गेलीस. गाडी अजून आतच होती. मी नुसतं बघायला म्हणून खाली गेलो. उजव्या आर्मचा जाडा बोल्ट तू आतून बाहेर घातला होतास, नट बाहेरच्या अंगाला. मी जन्मभर नट आतल्या अंगाला घेतो. तुझी चूक नव्हती, दोन्ही चालतं. पण मला काहीतरी सापडायला हवं होतं. मी गाडी जॅकवर उचलली, नट काढला, बोल्ट ओढून फिरवून घातला, नट हातानं बसवला आणि गाडी खाली घेतली. आता आवळायचा, तर टॉर्क पाना तुझ्या लाल पेटीत आणि किल्ली तुझ्या गळ्यात. ज्यानं नट सोडवला तोच साधा पाना उचलायला वळलो. तेवढ्यात तो धावतच आला. वरच्या वाडीवरून फोन होता, गाय अडली होती, वासराचे पाय बाहेर आलेले. ‘काका, झालीय ना गाडी? नेऊ?’

मी म्हणालो, ‘ने की. झालीय.’

असं नाही की मी विसरलो. विसरलो असतो तर मी केव्हाच तुझ्यापाशी येऊन रडलो असतो. मला माहीत होतं. दोन मिनिटं थांब म्हणायला हवं होतं. पण थांब म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं काय राहिलं, आणि मला सांगावं लागलं असतं की तिचं पक्कं काम मी उघडलं. मी मनाशी म्हणालो, एका खेपेला काय होतंय, संध्याकाळी आला की आवळू. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी बघत उभा होतो. मग हात पुसायला खिशातलं फडकं काढलं, तर त्याच्याबरोबर वायसर, नटाखालची चकती, बाहेर आला. त्या बोल्टाचा. तोही मी परत घातलेला नव्हता.

तेव्हासुद्धा फोन करता आला असता. मी केला. दोनदा. तो चढावर होता, लागला नाही. मोटारसायकल घेऊन मागं जाता आलं असतं. त्याऐवजी मी चहा मागवला. हे मी स्वतःला सहा वर्षं विचारतोय, की चहा कसा मागवला.

तो येताना उलटला. गाय वाचली होती, वासरूही. नदीकडच्या उतारावर तो नट निघून गेला, बोल्ट सुटला, आर्म खाली पडला आणि चाक स्वतःच्या मनानं वळलं. पुढचं तुला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी वाहन तपासनीस आला, उलटलेली गाडी आपल्याच अंगणात ओढून आणलेली होती. त्यानं एकेक नट दाखवला. पाच ठिकाणी पिवळी रेघ शाबूत. सहाव्या ठिकाणी रिकामं भोक, भोवतालचा रंग खडकावर घासून गेलेला. तो म्हणाला, ‘हे काम कुणाचं?’ तुझा गाल दाढेनं अजून सुजलेला होता. तू एक पाऊल पुढं आलीस आणि म्हणालीस, ‘माझं.’ मी तुझ्या मागं उभा होतो, हात पुढं केला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता इतक्या जवळ. तपासनीस लिहायला लागला. वही उघडून, पेनाचं टोपण काढून, पेन झटकून मग लिहायला लागला. तेवढा वेळ मला मिळाला होता. पुरेसा होता.

आणि त्या दिवशी घरी आल्यावर मी काय केलं ते तुला आठवत असेल, मला तर शब्द न् शब्द आठवतो. तू जिन्यात बसली होतीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘होतं असं, बारके. माणूस आहे, चुकतो. मी तुझ्यावर रागावलेलो नाही.’ तू माझा हात धरून रडलीस. म्हणालीस, ‘बाबा, तुमचं नाव घालवलं मी.’ माझ्या चुकीबद्दल मी तुला माफ केलं आणि तू माझे आभार मानलेस. नट न आवळण्याचं पाप एक वेळ देव घेईल पदरात, हे कुणी घेणार नाही. मला वाटलं होतं, तरुण आहे, वर्षभरात सावरेल, डॉक्टरनं तक्रार केलेली नाही, फार तर दाखला जाईल, नवा मिळेल. मग तू लग्न मोडलंस. मग लाल पेटीची किल्ली टेबलावर ठेवून गेलीस. दर वेळी मला वाटायचं, आता सांगायला फार उशीर झालाय, आता सांगून काय मिळणार. उशीर झालाय म्हणत म्हणत सहा वर्षं काढली.

आता या सोळा दिवसांतलं. त्याची गाडी मी कामाला घेतली. घोड्या लावल्या, आर्म सोडवले. बोल्ट असे गंजले होते की एकेकाला अर्धा दिवस गेला. तेल सोडायचं, ठोकायचं, परत तेल सोडायचं. डावा ब्रॅकेट बसला. उजव्या बाजूला गेलो की माझा हात चालेना. ब्रॅकेट धरायचो आणि परत खाली ठेवायचो. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो आला, स्टूल ओढून गाडीजवळ बसला. त्याला माझे फक्त पाय दिसत होते आणि मला त्याच्या काठ्यांची टोकं. तो सहज म्हणाला, ‘काका, मला एक कोडं सुटत नाही. पाच नटांवर रेघ मारते आणि सहावा विसरते, ही तिची रीतच नाही. जी मुलगी चहाच्या बरणीचं झाकणसुद्धा फिरवून बघते. तुम्ही कधी विचारलंत तिला, की त्या वेळी काय झालं होतं?’

मी बाहेर आलो. जमिनीवरच बसून सांगितलं. सगळं, आत्ता तुला लिहिलं तसंच, चहासकट. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, ‘वायसर कुठाय?’ मी गल्ल्याच्या कप्प्यातून काढून दिला. त्यानं तो तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला आणि खिशात टाकला. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं. तो म्हणाला, ‘पायाचं मी बघून घेईन. पाय काय, गाईच्या लाथेनंसुद्धा गेला असता. पण मी सहा वर्षं तिला माफ करत हिंडतोय. रोज थोडं थोडं. देवाला सांगायचो की बघ, मी तिला माफ केलंय. तुम्ही मला हे करू दिलंत.’ मग काठ्या घेतल्या, उठला. मी आधार द्यायला गेलो तर म्हणाला, ‘हात लावू नका, मिस्त्री.’

इतक्या वर्षांत तो मला कधी मिस्त्री म्हणाला नव्हता.

गाडी त्यानं तशीच, पुढची चाकं उचलून, ओढून नेली. एका बाजूचा ब्रॅकेट बसलेला, दुसऱ्या बाजूचा मागच्या सीटवर टाकलेला. उरलेले नट मला आवळू दिले नाहीत, आणि डावीकडचे मी आवळलेले त्यानं पलीकडच्या गॅरेजवाल्याकडून माझ्यासमोर सैल करून घेतले. मी बाजूला उभा राहून बघितलं. त्याचं बरोबर होतं.

आईला मी त्याच दिवशी सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती, तिनं दोरा तोडला, सुई वर घेतली आणि विचारलं, ‘तुम्हाला तिच्या कुलपाचं मी सांगितलं, तेव्हा तुम्ही तिचे कपडे मांडीवर घेऊन बसला होतात. तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?’ मी हो म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोललेली नाही. ताट वाढून ठेवते. काल फक्त एवढं म्हणाली, ‘पत्र लिहा. पेटीत मी टाकेन. तुमचा भरवसा नाही.’

परवा मी वाहन तपासणीच्या कचेरीत गेलो होतो. तो जुना तपासनीस निवृत्त झालाय. तिथं एक तरुण बाई आहेत. त्यांनी जुनी फाइल शोधून काढली, त्यात तुझी सही होती, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ या ओळीखाली. मी लेखी जबाब दिला, तीन पानांचा, प्रत्येक पानावर सही. बाईंनी दोनदा विचारलं, ‘काका, कुणी दबाव आणलाय का?’ मी म्हणालो, आता कुठं दबाव गेलाय. माझ्या गॅरेजचा परवाना बहुतेक जाईल, खटलाही होईल, त्याचं काही वाटत नाही, खरंच नाही. तुझा दाखला परत मिळू शकतो, पण अर्ज तुलाच करावा लागेल. कोरा अर्ज सोबत जोडलाय. भरायचा की चुलीत घालायचा ते तुझं तू ठरव. परत पाना धर असं मी सांगणार नाही. तुला काही सांगण्याचा माझा हक्क त्या अंगणातच संपला.

माफी मागण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, कारण तू देऊन टाकशील, तुझा स्वभावच तो. ती मला नकोय. लिहिण्याचं कारण वेगळं आहे आणि त्याला वेळ थोडा आहे. गाडी ओढून नेताना डॉक्टर पुढच्या गाडीच्या खिडकीतून म्हणाला, ‘येत्या रविवारी मी तिच्याकडं जाणार. त्याच्या आत तिला हे तुमच्याकडून कळलं पाहिजे. मी सांगितलं तर तिला बापच उरणार नाही, आणि ते ओझं मला नको.’ तो तुला माफ करायला येत नाहीये, हे तो येण्याआधी तुला माहीत असलं पाहिजे. इतकी वर्षं तुला दोषी धरून चालला म्हणून तोच तुझ्याकडं काहीतरी मागायला येतोय. त्याची गाडी अजून उघडीच आहे, म्हणून सकाळच्या बसनं निघेल, अकराच्या सुमारास तुझ्या गल्लीत पोचेल. आईकडून कळलं की तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा नाही. बारके, त्याला जिने चढता येत नाहीत. गुडघा वळतच नाही, आणि हे तो तुला कधी सांगणार नाही, पडेल पण चढायला बघेल. तेवढं कर. साडेदहालाच खाली उतरून रस्त्यावर उभी राहा. खोलीला कुलूप एकदाच लाव, ते लागलेलं असेल.

तुझाच,
बाबा